सार्जंट पर्सीची हॅट

सार्जंट पर्सीची हॅट आजवर कुणी काढलेली नव्हती. काढायचं काही कारणच नव्हतं.

पर्सी हा पुतळा आहे. आमच्या फोर्ट लॅनर्डच्या पोलीस संग्रहालयात दारातून आत आलं की डाव्या हाताला तो उभा असतो. लाल डगला, पिवळ्या पट्टीची निळी विजार, गुडघ्यापर्यंत बूट, रुंद काठाची हॅट आणि तपकिरी, भरघोस मिशा. इमारत जुन्या ठाण्याची. पुतळा तिथल्याच कुणी तरी एकोणीसशे तीसच्या दशकात, ठाण्याच्या वर्धापनदिनासाठी बनवलेला. गावातल्या प्रत्येक मुलाचा पर्सीशेजारी उभं राहून काढलेला फोटो असतो. माझाही आहे; त्यात माझे पुढचे दात पडलेले आहेत आणि मी त्याच्या मिशांकडे बघतो आहे.

त्याच्या समोर, काचेमागे, दुसरा एक पुतळा होता. वेण्या घातलेला, गुडघे टेकून बसलेला, इथल्या मूळ क्री जमातीचा माणूस. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी संग्रहालयात पाट्या लिहायचं काम करतो. पाटी लिहिली की मी ती इतक्यांदा बदलतो, की आमच्या संचालिका लॉर्नाबाई शेवटी माझ्या हातातून कागद काढून घेतात. दुसरं काम म्हणजे दर वसंतात पर्सीच्या मिशांवरची आणि कानशिलांवरच्या केसांची धूळ मऊ ब्रशनं झाडायची. झाडताना चार केस गळायचेच. ते मी एका चहाच्या डब्यात ठेवत आलो. संग्रहालयाचा तो नियमच आहे, वस्तूपासून सुटलेलं काही टाकायचं नाही. बाकीचे तो कधी पाळायचे, कधी नाही. मला नियम मोडायची भीती वाटते, म्हणून मी पाळत आलो.

ब्रूस मला त्यावरून चिडवायचा. तो निवृत्त पोलीस, बत्तीस वर्षं लाल डगला घातलेला. माझ्याबरोबर तोही इथे फुकट राबतो.

"मास्तर, माझेही गळायला लागलेत," तो टक्कल पुढे करायचा. "माझ्या नावाचा एक डबा ठेव की."

"तुझे डब्याला पुरणार नाहीत," एवढंच मला सुचायचं. तेही घरी गेल्यावर.

गेल्या वर्षी ठरलं, की नवं दालन करायचं. या ठाण्यानं इथल्या मूळ लोकांशी काय केलं ते त्यात लपवायचं नाही. लॉर्नाबाई म्हणाल्या, आधी त्यांचं ऐकायचं, मग पाट्या लिहायच्या. विलो क्रीकच्या राखीव वस्तीतल्या अडेलाइनबाईंना बोलावून आणायला त्यांनी मला पाठवलं. का मला, ते मला अजून कळलेलं नाही.

अडेलाइनबाईंना सगळे कोकुम म्हणतात, म्हणजे आजी. स्वयंपाकघरात त्या तव्यावर बॅनक, म्हणजे जाड भाकरीसारखा पाव, भाजत होत्या.

"कोण रे तू?"

"ओरेस्ट नाटिऊक. शाळेत ग्रंथपाल होतो."

"अच्छा! पुस्तक उशिरा आणलं की माझ्या पोरांना ओरडायचास, तो तू."

"मी ओरडत नसे, कोकुम."

"हो, कुजबुजायचास. पोरं त्यानं जास्त घाबरायची. बस."

वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जायचं तर कापडात बांधून तंबाखू न्यावा, हे मी वाचलं होतं. घरात चांगलं कापड नव्हतं, म्हणून मी माझ्या बायकोच्या जुन्या ॲप्रनचा एक तुकडा कापला होता. ती जाऊन सहा वर्षं झाली. निळ्या चौकड्यांची ती पुरचुंडी मी पुढे केली आणि काय मागायला आलोय तेच विसरून गेलो.

कोकुमनं हात मागेच ठेवला. "आधी माग, मग दे. नाही तर मी कशाला हो म्हणतेय ते मला कसं कळणार?"

मी मागितलं. त्यांनी पुरचुंडीकडे जरा वेळ पाहिलं, मग घेतली.

"हे घेतलं की माघार नाही, ठाऊक आहे ना? म्हणून तर आमची म्हातारी माणसं तंबाखूवाला आला की मागच्या दारानं पळतात." त्यांनी माझ्यापुढे बॅनक आणि मुरंबा ठेवला. "तू दुपारच्या वेळी आलास. माझे गुडघे दुखतायत. नाही तर मीही पळाले असते."

पहिल्या बैठकीत लॉर्नाबाईंनी विचारलं, "कोकुम, नव्या दालनात काय असावं असं तुम्हाला वाटतं?"

"दालनात तुम्हाला हवं ते ठेवा. मला माझ्या बापाचे केस हवेत."

कुणाला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील, जोसाया, अठरा वर्षांचे असताना या ठाण्यात कोठडीत होते. तेव्हा वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर वस्तीवर नेमलेल्या सरकारी साहेबाचा लेखी परवाना लागायचा. धाकटी बहीण शाळेच्या वसतिगृहात आजारी होती. साहेब परवाना देईना, म्हणून ते तसेच निघाले आणि हद्दीवरच पकडले गेले. कोठडीत घेतल्याबरोबर, उवा होतात म्हणून, त्यांच्या कमरेपर्यंतच्या दोन्ही वेण्या कापल्या. सुटले तोवर बहीण गेली होती.

"आमच्यात कंगव्यातला केससुद्धा टाकत नाहीत, जाळतात," कोकुम म्हणाल्या. "माणूस मेल्यावर पुढच्या वाटेला लागण्याआधी आपले राहिलेले केस गोळा करत फिरतो. माझा बाप शेवटच्या दिवसांत उठून बसायचा. म्हणायचा, अडेलाइन, ते केस त्या ठाण्यात आहेत. मी आत कसा जाऊ? दारावरचे शिपाई मला सोडायचे नाहीत. मरायला टेकला होता, तरी शिपायांना भीत होता. मी म्हटलं, तू हो पुढे, मी आणते."

ब्रूसनं घसा साफ केला. "कोकुम, वाईट वाटतं. पण त्याला नव्वद वर्षं होत आली. तेव्हाच झाडून टाकले असणार."

"असतील. मग कुठे झाडले ते सांग. त्या जागी जाऊन बसेन."

  लॉर्नाबाईंनी सगळीकडे शोध घेतला. कुठेच काही सापडलं नाही. तरी कोकुम प्रत्येक बैठकीला आपली जुनी पिकअप स्वतः चालवत यायच्या.

मार्चमध्ये जुना देखावा, म्हणजे हे दोन्ही पुतळे, काढायचा दिवस ठरला. सोमवार होता, संग्रहालय बंद. बाहेर बर्फ अजून खिडकीच्या कडेपर्यंत होतं. आम्ही चौघंच होतो.

काच बाजूला केल्यावर कोकुम त्या गुडघे टेकलेल्या पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. मला तेव्हाच कळलं, की इतके महिने त्यांच्या मनात काय होतं. माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नव्हतं. पुतळ्याच्या वेण्या काळ्या, लांब, जाड होत्या. 

कोकुमनं वेणी हातात घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग खांदे हलवत हसू लागल्या.

"घोडा! घोड्याचं शेपूट आहे हे! बिचारा इतकी वर्षं शेपूट लावून बसलाय."

आम्ही सगळे हसलो, जरा जास्तच. ब्रूसनं कपाळावरचा घाम पुसला. "मी म्हणत नव्हतो? आपली माणसं तसलं काही करणार नाहीत. चला, पर्सीला हलवू आणि चहा टाकू."

पर्सीला पलीकडच्या खोलीच्या बुटक्या दारातून न्यायचं तर त्याचं डोकं वेगळं करावं लागणार होतं, आणि डोकं काढायचं तर आधी हॅट. हॅट लांब टाचण्यांनी पक्की केलेली होती. पर्सीची सवय मला, म्हणून टाचण्या मी काढल्या. त्या गंजल्या होत्या. हॅट हलेना. मी दोन्ही हातांनी ती हलकेच फिरवली आणि उचलली.

मला आधी वाटलं, आत काही जनावर आहे.

मी हॅट टाकली नाही एवढंच. कानशिलापर्यंतचे केस तपकिरी होते, आम्ही सगळे ओळखत होतो तसे. पण जिथवर हॅट यायची त्या रेषेच्या वर ते काळेभोर होते. दिसणारा भागच तेवढा कुणी तरी रंगवला होता. आणि डोक्याच्या माथ्यावर, हॅट घट्ट बसावी म्हणून, वेटोळी घालून शिवलेल्या वेण्या होत्या. खऱ्या. एकावर एक. कातडी पट्टीनं बांधलेली त्यांची टोकं तशीच होती. मी टोकं मोजली नाहीत. दोनपेक्षा खूप जास्त होती.

"काय आहे रे?" ब्रूसनं विचारलं. मग त्यानंही पाहिलं.

कोकुम जवळ आल्या. या वेळी त्यांनी केस नाकाशी नेले नाहीत. त्यांनी नुसता तळवा त्या वेटोळ्यांवर ठेवला, तापलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि तो उचललाच नाही.

 या मिशांवरून मी किती वर्षं ब्रश फिरवला होता. लहानपणी मला वाटायचं, मोठं झाल्यावर आपल्याला अशाच मिशा याव्यात.

"हे नंतर कुणी तरी भरलं असेल," ब्रूस म्हणाला. "थट्टेनं. कुणी तरी... हे पर्सीचं नाही."

"टाके बघ, ब्रूस," मी म्हटलं. टाके मेण लावलेल्या जुन्या दोऱ्याचे होते, केसांच्या टोपाखालच्या कापडाला घातलेले, एकसारखे, बारीक.

"कोण करेल असं?"

"कुणी तरी नीटनेटका माणूस," मी म्हटलं, आणि आपण हे का बोललो ते मला कळेना. पण टाके खरंच सुंदर होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

एका टोकाला कातडी पट्टीत निळा मणी ओवलेला होता. कोकुमनं तो बोटानं फिरवला. "माझी आजी निळा मणी लावायची." मग दुसरं टोक पाहिलं. तिथेही निळा. तिसऱ्यालाही. "त्या वर्षांत दुकानात निळेच यायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्या आयांनी निळेच लावले असणार."

लॉर्नाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "कुणी हात लावू नका. म्हणजे, कोकुम, तुम्ही लावा. पण काढू नका काही. ही माणसांची... यांना आता वस्तू म्हणता येत नाही. त्याचे नियम आहेत. आमचं मंडळ, वकील, तुमच्या वस्तीची परिषद, इतर वस्त्या. कुणाचे केस कुणाचे, त्याची तपासणी. सगळं रीतसर व्हायला हवं. मी वचन देते, होईल."

"कधी?"

लॉर्नाबाईंनी तोंड फिरवलं. त्या रडत होत्या.

"पोरी, मी एकोणऐंशीची आहे. माझा बाप दाराबाहेर उभा आहे."

आम्ही तिघांनीही दाराकडे पाहिलं. खोटं कशाला लिहू, ब्रूसनंही पाहिलं.

कोकुमनं पिशवीत हात घातला आणि एक पुरचुंडी बाहेर काढली. निळ्या चौकड्यांची. माझ्या बायकोच्या ॲप्रनची. त्यांनी ती इतके महिने तशीच ठेवली होती. पुतळ्याच्या डोक्यावरचा हात न काढता त्यांनी दुसऱ्या हातानं ती माझ्यापुढे धरली.

"ओरेस्ट, मी मागतेय. आधी मागते, मग देते. हे टाके उसव. सगळे. एकही केस इथे मागे ठेवू नकोस. मग माझ्याबरोबर येऊन ते आगीत जाईपर्यंत थांब."

"ओरेस्ट," लॉर्नाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही ते घेतलंत तर मला तुम्हाला अडवावं लागेल."

मला चटकन हो म्हणता येत नाही. साधी पाटी लिहितानाही मी एका शब्दाऐवजी दुसरा, मग पुन्हा पहिला लिहितो. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात दोन्ही बाजू चालू होत्या. लॉर्नाबाईंचं बरोबर होतं. त्या वेण्यांत दुसऱ्या कुणाकुणाचे बाप होते, त्यांच्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. आणि हे नियम तर अशी चोरी पुन्हा होऊ नये म्हणूनच केलेले होते. समोर तो ॲप्रनचा तुकडा होता आणि तो पुढे धरलेला म्हातारीचा हात होता. हातात धरलेलं ओझं तिला फार वेळ पेलणार नाही, एवढंच मला नक्की कळत होतं.

मी पुरचुंडी घेतली.

"दुसऱ्यांच्या लेकींचं काय, कोकुम?" मी विचारलं. तंबाखू घेतल्यावर विचारलं, हे माझं नेहमीचंच.

"आज रात्री सगळ्या वस्त्यांना निरोप देते. ज्यांना यायचं ते येतील. सगळे आल्याशिवाय आग पेटवायची नाही. पण ते माझ्या घरात थांबतील. इथे नाही."

लॉर्नाबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता त्या माझा हात धरणार. त्यांनी टेबलावरचा दिवा उचलला, वायर सोडवली आणि उजेड पर्सीच्या डोक्यावर पडेल असा धरला.

"मला हे सगळं वर लिहून कळवावं लागेल," त्या म्हणाल्या.

"कळव," कोकुम म्हणाल्या. "माझं नाव नीट लिही."

ब्रूसनं डोकं धरलं, कारण कुणी तरी धरायला हवं होतं. मी टोकदार पात्यानं एकेक टाका उसवत गेलो. दोरा करकरायचा.  ब्रूस पर्सीच्या डोळ्यांत बघत होता. त्याला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

"मी भरती झालो त्या दिवशी आईनं याच्याशेजारी माझा फोटो काढला," तो म्हणाला. "घरी जिन्यात लावलाय."

मी पुढचा टाका उसवला.

मिशा सरसानं चिकटवलेल्या होत्या. चहासाठी ठेवलेलं पाणी उकळत होतं. त्या वाफेवर त्या सुटल्या. ओल्या झाल्यावर त्यांचा तपकिरी रंग माझ्या बोटांना लागला आणि खालून काळा रंग वर आला.

वेण्या एकेक करून कोकुम एका स्वच्छ खोक्यात ठेवत होत्या. शेवटची ठेवल्यावर त्या थांबल्या.

"आणि इतक्या वर्षांत गळले असतील ते?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ते तर गेलेच असतील. तेवढ्यासाठी फिरत राहील तो."

मी कपाटाकडे गेलो आणि चहाचा डबा आणला. झाकण उघडलं. आत दर वसंताची एकेक कागदी पुडी होती.

कोकुमनं एक पुडी उघडून पाहिली, पुन्हा मिटली. "तू टाकले नाहीस?"

"आमच्याकडे टाकत नाहीत."

"आमच्याकडेही," त्या म्हणाल्या.

ब्रूसनं मान खाली घातली. मी परत जाऊन ब्रशही आणला. त्याच्यातही काही असतील म्हणून.

काम झालं तेव्हा पर्सीचं डोकं पांढऱ्या प्लॅस्टरचं, अगदी लहान दिसत होतं. ओठावर सरसाचा पिवळा डाग होता. ब्रूसला ते बघवेना. त्यानं हॅट उचलून डोक्यावर ठेवली, तर ती थेट नाकापर्यंत खाली आली. आत भरायला काही उरलं नव्हतं. ब्रूसनं कोपऱ्यातलं जुनं वर्तमानपत्र घेतलं, चुरगाळलं, हॅटमध्ये कोंबायला गेला आणि थांबला. त्यानं ते पुन्हा उलगडलं, टेबलावर ठेवून हातानं सपाट केलं. हॅट तशीच राहिली.

"उद्या शाळेची मुलं येणार आहेत," लॉर्नाबाई म्हणाल्या.

"येऊ देत," ब्रूस म्हणाला. "मी असेन इथे. मी सांगेन त्यांना."

बाहेर उजेड होता, बर्फावरून डोळ्यांत येणारा. कोकुमनं पिकअपचं दार उघडलं.

"बस."

"आज? मी म्हटलं, आग पेटवायच्या दिवशी..."

"तंबाखू घेतलास ना? मग बस. खोकं मांडीवर घे. सीटवर ठेवलं तर वळणावर सांडेल."

मी खोकं मांडीवर घेतलं. इतक्या माणसांचं होतं, पण वजन काहीच नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.  मी मधूनमधून झाकण नीट बसलंय का ते बघत होतो.

विलो क्रीकच्या हद्दीवर आता पेट्रोल पंप आहे. कॉफी मिळते, मासेमारीचे गळ मिळतात, मी तिथे कैकदा थांबलोय. कोकुमनं तिथे गाडी हळू केली, पण थांबवली नाही. पंपावरच्या पोरानं हात हलवला. त्यांनीही हलवला.

"इथे पकडलं होतं त्याला," त्या म्हणाल्या आणि हद्दीच्या पाटीवरून गाडी आत घातली.